पी. एल. ४८० : मदतीचा गहू आणि मुंबई

अमेरिकेच्या १९५४ च्या 'पब्लिक लॉ ४८०' या कायद्याखाली भारताला सवलतीने मिळालेले धान्य. पहिला करार १९५६ मध्ये झाला. किंमत रुपयांत चुकती करायची असल्याने परकीय चलनाची चणचण असलेल्या सरकारला तो सोयीचा होता. मे १९६० मध्ये केंद्रीय अन्नमंत्री स. का. पाटील यांनी चार वर्षांसाठी १ कोटी ६० लाख टन गहू आणि १० लाख टन तांदूळ मिळवला. पाटील पूर्वी मुंबईचे महापौर होते.

मुंबईला रेशनिंगची सवय १९४३ पासूनची. गिरणगावातल्या कोकणी कुटुंबांना भात हवा होता. रेशनवर मिळे तो लाल गहू, पुढे मिलो ज्वारीही. मदतीत येते ते देणाऱ्याच्या कोठारात उरलेले धान्य, घेणाऱ्याच्या आवडीचे नव्हे. शिवाय स्वस्त आयातीने बाजारभाव दबले, की पेरणाऱ्याचा हात आखडतो. शहराचे पोट भरताना शेतकऱ्याच्या भावाकडे दुर्लक्ष झाले, हा या धोरणावरचा सर्वांत गंभीर आक्षेप आहे आणि तो रास्त आहे.

१९६५ च्या भारत-पाक युद्धाने या परावलंबनाची खरी किंमत दाखवली. अमेरिकेने मदत रोखली. पुढे अध्यक्ष जॉन्सन यांनी दीर्घ मुदतीचा करार टाळून थोडे थोडे धान्य सोडण्याचे धोरण ठेवले. व्हिएतनामबाबतची भारताची टीका त्यांना खुपत होती. लागोपाठच्या दुष्काळांमुळे १९६६ मध्ये आयात १ कोटी टनांवर गेली होती, त्यामुळे जहाज लांबले की दिल्लीत धास्ती पसरे. लालबहादूर शास्त्रींनी सोमवारी रात्रीचे जेवण सोडण्याचे आवाहन केले, तेही याच काळात.

सुटका झाली ती बी, पाणी, खत आणि हमीभाव यांच्या जोडीने. १९६५ मध्ये अन्न महामंडळ आणि कृषिमूल्य आयोग स्थापन झाले. १९६६ मध्ये मेक्सिकोहून १८,००० टन गव्हाचे बियाणे आले. १९६४-६५ मध्ये सुमारे १ कोटी २३ लाख टन असलेले गव्हाचे उत्पादन १९७०-७१ मध्ये २ कोटी ३८ लाख टनांवर गेले. १९७१ अखेर सवलतीची आयात थांबली.

देशाचे कोठार भरल्याने घरातला डबा भरतोच असे नाही. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्र होरपळला आणि मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गृहिणी लाटणी घेऊन महागाईविरुद्ध रस्त्यावर उतरल्या. परावलंबनही पुरते संपलेले नाही : खाद्यतेलाची निम्म्याहून अधिक गरज आजही आयातीवर भागते.