दानीएलची ४९० वर्षं: मोजायची कुठून?

ज्यू आणि ख्रिस्ती यांच्यातला वाद म्हटलं की आपल्याला वाटतं, विषय श्रद्धेचा असणार, येशू हाच मसीहा की अजून यायचाय एवढाच. पण हिब्रू बायबलमध्ये एक जागा अशी आहे जिथे हा भांडणाचा मुद्दा सरळ बेरीज-वजाबाकीवर येतो, आणि त्यात खगोलशास्त्र, मातीच्या विटा, कार्बन डेटिंग असं सगळं ओढलं जातं. दानीएलच्या पुस्तकाचा नववा अध्याय, त्यातली शेवटची चार वचनं. मला स्वतःला भविष्यवाणीच्या सगळ्या वादांत हा वाद सगळ्यात जास्त आवडतो, कारण इथे प्रत्येक बाजूला आपला हिशोब उघडा करून दाखवावा लागतो.

प्रसंग असा आहे. दानीएल यिर्मया या संदेष्ट्याचं जुनं भाकीत वाचतोय, की यरुशलेम सत्तर वर्षं ओसाड राहील. त्याला प्रश्न पडलाय की ही सत्तर वर्षं संपणार कधी, तेवढ्यात गब्रिएल देवदूत येऊन सांगतो की सत्तर सप्तकं ठरलेली आहेत. एक सप्तक म्हणजे सात वर्षं धरली तर ७० गुणिले ७, ४९० वर्षं. नगर पुन्हा बांधायची आज्ञा निघाल्यापासून एका 'अभिषिक्त अधिपती'पर्यंत (हिब्रूतल्या 'मसीहा' शब्दाचा अर्थच अभिषिक्त) सात सप्तकं, मग बासष्ट सप्तकं, त्यानंतर एक अभिषिक्त मारला जाईल, नगर आणि मंदिर उद्ध्वस्त होईल, आणि शेवटच्या सप्तकाच्या मध्यावर यज्ञ बंद पडतील. म्हणजे बघा, हा मजकूर स्वतःच एका जुन्या भाकिताचा नवा अर्थ लावतोय, अर्थ लावण्याचं काम बायबलच्या आतच सुरू झालेलं आहे.

आता ख्रिस्ती हिशोब. बायबलमधल्या एज्राच्या पुस्तकात पर्शियाच्या अर्तहशश्त राजाच्या सातव्या वर्षी एक फर्मान निघतं, ते इ.स.पू. ४५८-४५७ मध्ये पडतं. सात अधिक बासष्ट, ६९ सप्तकं, म्हणजे ४८३ वर्षं. इ.स.पू. ४५७ पासून ४८३ वर्षं पुढे या (मध्ये शून्य साल नसतं हे लक्षात ठेवून) की तुम्ही इ.स. २७ ला पोचता, येशूच्या बाप्तिस्म्याच्या आसपास. ऐकायला अगदी चोख. पण त्या फर्मानात मंदिराच्या खर्चाची आणि कायद्याची भाषा आहे, शहर बांधायचं त्यात कुठेही नाही. शहराच्या तटाची गोष्ट येते नहेम्याच्या पुस्तकात, त्याच राजाच्या विसाव्या वर्षी, इ.स.पू. ४४५-४४४, आणि तिथून ४८३ मोजली तर इ.स. ४० येतं, तोवर येशूच्या वधस्तंभाला बरीच वर्षं होऊन गेलेली. मग काय करायचं? तिसऱ्या शतकातल्या ज्युलियस आफ्रिकॅनस या ख्रिस्ती लेखकाने म्हटलं की ही चांद्र वर्षं आहेत, ४७५ सौर वर्षांची साधारण ४९० चांद्र वर्षं होतात, जमलं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी सर रॉबर्ट अँडरसन यांनी ३६० दिवसांचं 'भाकिताचं वर्ष' धरलं आणि १,७३,८८० दिवस मोजून थेट येशूच्या यरुशलेम प्रवेशाच्या दिवसापर्यंत आणलं. मेहनत खरी आहे, पण वर्षाची लांबी कोणती घ्यायची हे शेवट आधी ठरवून मग निवडलं गेलंय, हे दिसतंच.

ज्यू हिशोब वेगळ्या टोकाने चालतो. दुसऱ्या शतकातल्या रब्बी (ज्यू धर्मगुरू) योसे बेन हलाफ्ता यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या 'सेदर ओलाम' या कालगणनेच्या ग्रंथात ४९० वर्षं यरुशलेमच्या पहिल्या मंदिराच्या विध्वंसापासून दुसऱ्या मंदिराच्या विध्वंसापर्यंत धरली आहेत. ७० वर्षं बॅबिलोनचा बंदिवास, ४२० वर्षं दुसरं मंदिर. तालमूदमध्ये, म्हणजे रब्बींच्या चर्चांच्या मोठ्या संग्रहात, त्या ४२० ची फोडही मिळते: मंदिर उभं असताना पर्शियन राजवट ३४, ग्रीक १८०, हशमोनी हे ज्यू राजघराणं १०३, हेरोदचं घराणं १०३. करून बघा, ४२० च होतात. आणि 'अभिषिक्त' कोण, तर एकच माणूस असायची गरजच नाही. अकराव्या शतकातले राशी नावाचे ज्यू भाष्यकार म्हणतात की सात सप्तकांनंतरचा अभिषिक्त म्हणजे पर्शियाचा राजा कोरेश, ज्याला यशयाच्या पुस्तकात खरंच देवाचा अभिषिक्त म्हटलंय, आणि मारला गेलेला म्हणजे मंदिर पडलं तेव्हाचा राजा अग्रिप्पा. हिब्रूच्या पारंपरिक पाठात 'सात सप्तकं' या शब्दांनंतर वाक्य थांबवणारी खूणही आहे, त्यामुळे सात आणि बासष्ट वेगळे पडतात. ख्रिस्ती वाचनात ते जोडून ६९ होतात. एका विरामचिन्हावर मसीहा ४३४ वर्षं इकडे-तिकडे होतो!

हा वाद नुसता वह्यांमधला नव्हता हे मात्र विसरू नये. १२६३ साली बार्सिलोनात आरागॉनचा राजा जेम्स पहिला याच्यासमोर पाब्लो क्रिस्तियानी या ज्यू धर्मातून ख्रिस्ती झालेल्या फ्रायरने (भिक्षूने) हीच वचनं रब्बी नाखमनीदेसपुढे टाकली. नाखमनीदेसने उत्तर दिलं की पहिला अभिषिक्त म्हणजे बंदिवासातून परतलेल्यांचा पुढारी जरुब्बाबेल, आणि मसीहाची खरी वेळ पुस्तकाच्या शेवटच्या १२९० या आकड्यात आहे. मंदिर पडल्यापासून १२९० वर्षं, म्हणजे अजून ९५ वर्षं बाकी. समोर राजा, चर्चचे अधिकारी, आणि चर्चेचा विषय त्यांनी ठरवलेला, अशा ठिकाणी उभं राहून हे बोलायला काय धैर्य लागलं असेल. पुढे त्याला स्पेन सोडावा लागला आणि १२६७ मध्ये तो यरुशलेमला पोचला.

आता विज्ञान कुठे आलं? बॅबिलोनचे ज्योतिषी रोजच्या आकाशाच्या नोंदी मातीच्या विटांवर करत, आणि त्यातल्या बऱ्याच आज म्युझियममध्ये आहेत. बर्लिनमधल्या एका विटेवर, पहिलं मंदिर पाडणाऱ्या बॅबिलोनच्या नबुखद्नेस्सर राजाच्या ३७ व्या वर्षातल्या चंद्र आणि ग्रहांच्या जागा लिहिल्यात, आणि मागे मोजत गेलं की त्या सगळ्या इ.स.पू. ५६८-५६७ लाच जुळतात. दुसऱ्या एका विटेवर पर्शियाचा राजा झर्क्सिस याचा त्याच्या मुलाने खून केल्याची नोंद चंद्रग्रहणाच्या नोंदीसोबत आहे, त्यावरून तो खून इ.स.पू. ४६५ च्या ऑगस्टमध्ये झाला हे कळतं. ग्रहणं कुणाच्याही धर्माची बाजू घेत नाहीत. यावरून पहिलं मंदिर इ.स.पू. ५८७ किंवा ५८६ मध्ये पडलं, दुसरं बांधून झालं ५१६ च्या सुमारास, आणि ते इ.स. ७० मध्ये पडलं, म्हणजे दुसरं मंदिर ४२० नाही, ५८५ वर्षं उभं होतं. सेदर ओलाममध्ये सुमारे १६५ वर्षं कमी आहेत, आणि ती जवळजवळ सगळी पर्शियन काळातली, ३४ वर्षांत जे बसवलंय ते खरं १८० च्या वर आहे.

काही ख्रिस्ती लेखक यावर म्हणतात की रब्बींनी येशूपासून दूर जायला मुद्दाम वर्षं कापली. मला हे पटत नाही. बायबलमध्ये पर्शियन राजांची नावंच मोजकी आहेत, रब्बींकडे तेवढंच साधन होतं, आणि ४९० चा आकडा त्यांच्यासाठी पवित्र मजकुरातून आलेला पक्का आकडा होता, त्यात इतिहास बसवला गेला.

मग विद्यापीठांतले अभ्यासक काय म्हणतात? तर हे सगळं बहुतेक इ.स.पू. १६७ च्या संकटाबद्दल आहे. ग्रीक राजा अँटिओकस चौथा याने मंदिरातले यज्ञ बंद पाडले, त्याआधी इ.स.पू. १७१ च्या सुमारास महायाजक ओनियास मारला गेला होता, तो म्हणजे मारला गेलेला अभिषिक्त. तिसऱ्या शतकातल्या पोर्फिरी या तत्त्वज्ञाने हे ओळखलं होतं. दानीएलच्या अकराव्या अध्यायात राजांच्या लढाया बारकाईने बरोबर येतात, पण अँटिओकसचा मृत्यू मात्र पवित्र डोंगराजवळ होईल असं म्हटलंय आणि तो मेला पर्शियात, त्यामुळे लिहिणारा त्या मृत्यूच्या थोडं आधी लिहीत होता असं अभ्यासक मानतात. मृत समुद्राजवळच्या गुहांत सापडलेल्या प्राचीन गुंडाळ्यांमधल्या दानीएलच्या एका प्रतीचा काळ २०२५ च्या एका अभ्यासात कार्बन डेटिंग आणि हस्ताक्षर वाचणाऱ्या कॉम्प्युटर मॉडेलने इ.स.पू. २३० ते १६० असा आला, आधी ती नुसत्या अक्षरावरून बरीच नंतरची मानली जायची. म्हणजे पुस्तक लिहिलं गेलं त्याच पिढीतली प्रत असू शकते, आणि हे मला थरारक वाटतं.

पण प्रामाणिकपणे सांगायचं तर हा हिशोबही तंतोतंत बसत नाही. ५८७ मधून ४९ गेले की ५३८, कोरेशचं वर्ष, उत्तम. पण तिथून ६२ सप्तकं म्हणजे ४३४ वर्षं मोजली तर इ.स.पू. १०४ येतं, १७१ नाही, ६७ वर्षांचा फरक. अभ्यासक म्हणतात की लेखकाला पर्शियन काळाची नीट लांबी माहीत नसावी किंवा आकडा प्रतीकात्मक असावा. मृत समुद्राच्याच दुसऱ्या एका गुंडाळीत, मेल्कीसेदेकवाल्या, दहा ज्युबिली (एक ज्युबिली म्हणजे ४९ वर्षं) धरून तेच ४९० केलेत, म्हणजे येशूच्या आधीही ज्यू लोक हाच आकडा घेऊन बसले होते. जेरोम या ख्रिस्ती विद्वानाने पाचव्या शतकाच्या सुरुवातीला आपल्या दानीएल-भाष्यात आधीच्या ख्रिस्ती आचार्यांची आणि ज्यूंची बरीच मतं एकाखाली एक मांडली आणि निवड वाचकावर सोडली. तालमूदमध्ये तर अंतकाळाचे हिशोब करणाऱ्यांना शापच दिलाय.

त्या १६५ वर्षांचा प्रश्न ज्यू विद्वानांनी स्वतःही उचलला. १५७० च्या दशकात इटलीत अझारिया दे रोस्सी यांनी ग्रीक-रोमन इतिहासकारांशी ताळा करून पारंपरिक कालगणनेवर शंका घेतली, तर अनेक रब्बींनी त्यांच्या पुस्तकाला विरोध केला. १९६२ मध्ये रब्बी शिमोन श्वाब यांनी सुचवलं की दानीएलला 'पुस्तक मोहरबंद करून ठेव' असा हुकूम होता म्हणून जुन्या रब्बींनी ती वर्षं जाणूनबुजून झाकली असावीत, कुणाला अंत मोजता येऊ नये म्हणून. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये सुरू झालेलं ज्यू वर्ष ५७८६ हे आजही सेदर ओलामच्याच गणनेवर उभं आहे.