जुनी बॅटरी घरी फोडू नका. फोडली असेल तर हे वाचा

उन्हाळ्यात लाईट जायला लागली की इन्व्हर्टरची बॅटरी बदलायला आमच्या दुकानात गर्दी होते आणि प्रश्न ठरलेला असतो : "मालक, घरात बॅटरी आहे, पोरांना शिशाचा त्रास होणार नाही ना?" बॅटरी धड असेल, गळत नसेल, तर होणार नाही. चार्जिंगला हायड्रोजन आणि ऑक्सिजन निघतो, म्हणून जागा हवेशीर हवी, एवढंच.

खरा घोळ बॅटरी फोडल्यावर होतो. शिशाला भाव येतो म्हणून काहीजण अंगणात झाकण फोडतात, अ‍ॅसिड मोरीत ओततात आणि आतल्या शिशाच्या प्लेटा पोत्यात भरून आमच्याकडे आणतात. प्लेटांवरचा करडा गाळ वाळला की त्याची पूड होते. ती नखात बसते, कपड्यांना लागते आणि त्याच हातानं भाकरी मोडली जाते. रांगतं पोर तर फरशीवरचा हात सरळ तोंडात घालतं. काही बहाद्दर चुलीवर शिसं वितळवतात, ते याहून वाईट. असं पोतं आम्ही घेत नाही. त्यावरून रोज हुज्जत होते, वेळ दोघांचाही जातो. "नखरे करता" म्हणतात, म्हणू देत. 2022 च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणेही जुनी बॅटरी गोळा करणाऱ्याकडे किंवा रिसायकलिंगवाल्याकडेच द्यायची असते.

घरात बॅटरी फोडली गेली असेल आणि सहा वर्षांखालचं मूल किंवा गरोदर बाई असेल, तर काही दुखायची वाट बघू नका, डॉक्टरांकडे जा. सुरुवातीला बहुतेकांना काहीच जाणवत नाही. पुढं पोटात कळा, बद्धकोष्ठ, भूक मंदावणं, डोकेदुखी, चिडचिड, अशक्तपणा सुरू होतो आणि आपण अ‍ॅसिडिटी, नाहीतर जंत समजून गोळ्या घेत बसतो. म्हणून "घरात बॅटरी फोडली होती" हे डॉक्टरांना आपणहून सांगा. त्यांना ते कळणार कसं? रक्तातल्या शिशाची तपासणी वेगळी असते, नुसत्या हिमोग्लोबिनवरून समजत नाही. प्रमाण डेसिलिटरला 5 मायक्रोग्रॅम किंवा जास्त आलं, तर शिसं कुठून येतंय ते शोधून थांबवावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. झटके, थांबत नाहीत अशा उलट्या, गुंगी किंवा असंबद्ध बोलणं दिसलं तर 108 ला फोन करा नाहीतर थेट सिव्हिल गाठा.

दूध-गूळ खाऊन शिसं उतरत नाही. शरीरातलं शिसं काढायची औषधं असतात, पण ती डॉक्टरच ठरवतात. सांडलेली पूड झाडूनं उडवू नका, ओल्या फडक्यानं पुसा आणि ते फडकं टाकून द्या.

बॅटरी बंद पडली की अ‍ॅसिडसकट, उभी, तशीच ठेवा आणि दुकानात फोन करा. शहरात आमचा माणूस येऊन घेऊन जातो. वजन तुमच्यासमोर होतं आणि ती रक्कम नव्या बॅटरीच्या बिलातून वजा होते. नवी आमच्याकडून घ्यायची नसेल तरी जुनी आणून द्या, रोख देऊ.