पोर्तुगीज चर्च, दादर

मुंबईतील दादर (पश्चिम) येथील रोमन कॅथलिक धर्मग्रामाचे चर्च. अधिकृत नाव अवर लेडी ऑफ साल्व्हेशन चर्च. मूळ पोर्तुगीज नाव नोसा सेन्योरा द साल्व्हासांव. गोखले रस्ता आणि एस. के. बोले मार्ग यांच्या नाक्यावरील सध्याची वास्तू चार्ल्स कोरिया (१९३०–२०१५) यांच्या आराखड्यानुसार १९७४ ते १९७७ या काळात उभी राहिली. हा परिसर आज शहराच्या ऐन मध्यात मोडतो. जुन्या उल्लेखांत मात्र तो ‘खालचे माहीम’ म्हणून येतो. शहर सुधारणेसाठी १८९८ मध्ये स्थापन झालेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दादर–माटुंगा योजना हाती घेतली, तेव्हाही दादर हे मुंबईचे उपनगरच होते.

चर्चची स्थापना फ्रान्सिस्कन या कॅथलिक संन्यासी संघाच्या मिशनऱ्यांनी केली. स्थापनेचे वर्ष बहुधा १५९६ दिले जाते. ते प्रत्यक्ष बांधकामाचे मानणे सयुक्तिक ठरेल. धर्मप्रसार त्याआधीच सुरू झाला असावा, कारण शेजारच्या वरच्या माहीममधील सेंट मायकेल चर्चची परंपरा १५३४ पर्यंत मागे नेली जाते. अर्थात १५३४ हे वर्षही अक्षरशः घेता येत नाही. गुजरातच्या सुलतानाने वसई आणि तिच्या अखत्यारीतील मुलूख पोर्तुगीजांना दिला तो त्याच वर्षाच्या डिसेंबरात. तेवढ्या अवधीत चर्च बांधून होणे अवघडच. त्या मानाने इंग्रज वैद्य जॉन फ्रायर याची साक्ष अधिक भरवशाची आहे. तो १६७३ मध्ये मुंबईत आला. साल्व्हासांव येथे फ्रान्सिस्कनांचे चर्च व मठ असल्याची नोंद त्याने केली आहे आणि हा भाग नारळ, फणस व आंब्याच्या झाडांनी झाकलेला असल्याचेही तो सांगतो. मुंबई इंग्रजांकडे गेल्यानंतरही येथील मठ चालू होता, एवढे त्यावरून निश्चित म्हणता येते.

चर्चवरील अधिकाराचा प्रश्न पुढे बराच गुंतागुंतीचा झाला. पोर्तुगीज धर्मगुरूंच्या निष्ठेविषयी कंपनी सरकारला शंका होती. १७२० मध्ये सरकारने फ्रान्सिस्कनांना मुंबईबाहेर काढले आणि थेट रोमच्या ‘प्रोपागांडा’ या धर्मप्रसार मंडळाच्या अधीन असलेल्या कार्मेलित संघाच्या धर्मगुरूंना आणले. १७८९ मध्ये चर्चे पुन्हा गोव्याच्या आर्चबिशपांकडे, म्हणजे ‘पाद्रोआदो’ (पोर्तुगीज राजाच्या आश्रयाखालील) पक्षाकडे सोपवली गेली; दोनच वर्षांत हा निर्णय फिरला. अखेर १७९४ मध्ये वाटणी झाली. माझगावचे ग्लोरिया आणि वरच्या माहीमचे सेंट मायकेल गोव्याकडे गेले, तर एस्पेरान्सा चर्च आणि दादरचे साल्व्हासांव कार्मेलितांकडे राहिले. एकाच शहरात दोन धर्माधिकारी, अशी ही व्यवस्था अनेक फेरफार होत रोम आणि पोर्तुगाल यांच्यातील १९२८ च्या करारापर्यंत टिकली. या वादाकडे निव्वळ धर्मगुरूंची चढाओढ म्हणून पाहण्याचा प्रघात आहे. चर्चच्या मालमत्तेवर हक्क कोणाचा, हा मुद्दाही त्यात तितकाच कळीचा होता.

वास्तू : वसई–मुंबई पट्ट्यातील पोर्तुगीज धाटणीच्या चर्चचा ठरलेला साचा म्हणजे लांबट सभागृह, टोकाला वेदी, वर लाकडी आढ्याचे कौलारू छप्पर आणि समोर उंच दर्शनी भिंत. दादरला कोरियांनी हा साचा पूर्णपणे बाजूला ठेवला. एकमेकांत गुंतलेल्या जागांची एक मालिका त्यांनी रचली. त्यांतील काही छपराखाली, तर काही उघडे चौक आहेत. ख्रिस्ताचा बाप्तिस्मा, त्याचे लोकांतील कार्य आणि मृत्यू व पुनरुत्थान अशा तीन टप्प्यांशी या जागांची सांगड घातलेली आहे. मुख्य जागांवर काँक्रीटची कवचे आहेत. वर निमुळती होत गेलेली ही कवचे उलट्या नसराळ्यासारखी दिसतात. माथ्यावरून उजेड खाली झिरपतो, तापलेली हवा वर चढून निघून जाते आणि तिच्या जागी चौकांतून गार हवा आत ओढली जाते. माथ्याच्या काचेवरील चित्रकाम एम. एफ. हुसेन यांचे असल्याचे सांगितले जाते.

या रचनेची कारणमीमांसा दोन प्रकारे होते. स्वतः कोरियांचा भर हवामानावर होता : ख्रिस्ताने उपदेश केला तो उघड्यावर, आणि चर्चची बंदिस्त पेटी ही थंड युरोपची गरज. अहमदाबादच्या साबरमती आश्रमातील गांधी स्मारक संग्रहालयापासून (१९६३) त्यांच्या कामात उघडे चौक दिसतात, त्यामुळे हे स्पष्टीकरण सहज पटते. परंतु कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२–६५) उपासनाविधीत केलेला बदल त्यात पुरेसा लक्षात घेतलेला नाही. परिषदेनंतर धर्मगुरू लोकांकडे तोंड करून मिस्सा (मुख्य उपासनाविधी) अर्पण करू लागले, स्थानिक भाषांना वाव मिळाला आणि भाविकांचा सहभाग वाढवण्यावर भर आला. लांबट सभागृहात मागच्या बाकावरील माणूस वेदीपासून दूर पडतो. नवा आराखडा धर्मग्रामाला मान्य झाला, त्यामागे हे कारणही असणे अधिक संभवनीय वाटते.

धर्मग्रामात मूळचे ईस्ट इंडियन (मुंबई–वसई भागातील स्थानिक ख्रिस्ती) आणि नंतर येऊन स्थायिक झालेले गोवेकर, मंगळूरकर असे कॅथलिक आहेत.

उघड्या काँक्रीटला मुंबईची खारी, दमट हवा मानवत नाही. ओल आत मुरली की सळ्या गंजून फुगतात आणि वरचा थर सुटू लागतो. त्या काळातील सर्वच काँक्रीट इमारतींपुढे ही अडचण आहे. जुन्या कौलारू चर्चमध्ये फुटके कौल किंवा कुजलेला वासा तेवढा बदलता येई. एकसंध कवचाच्या बाबतीत तशी सोय नाही.