वजनकाटा वेगळा, दम वेगळा

लातूरला औसा रोडवर पहाटे भरतीची तयारी करणारी पोरं पळत असतात. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर पळावं लागतं, म्हणून इकडं 'दम आहे का?' हा प्रश्न चेष्टेवारी विचारत नाहीत. सतरा वर्षांचा माझा भाचा नीटच्या क्लासमध्ये दोन वर्षं बसून काढलेला. अंगानं काडी, वजन ५० किलो. ताईनं त्याला माझ्याबरोबर धाडला. मैदानावरची चारशे मीटरची एक फेरी पुरी होईपर्यंत कंबरेवर हात ठेवून वाकलाच. शेजारून कबड्डीवालं एक गोलमटोल पोरगं गप्पा हाणत पुढं गेलं.

"मामा, त्यो तर लई जाड हाय की!"

जाड होताच, ७५ किलोचा. पण काटा चरबी, स्नायू, हाडं, पाणी सगळं एकत्रच तोलतो. दम म्हणजे हृदय, फुफ्फुसं, रक्त आणि स्नायू मिळून मिनिटाला किती ऑक्सिजन वापरू शकतात ते. त्याला व्हीओटू मॅक्स म्हणतात, आणि खरा घोळ इथंच आहे: हा आकडा बहुतेक वेळा वजनानं भागून देतात.

समजा, भाचा जास्तीत जास्त २ लिटर ऑक्सिजन वापरतो. भागिले ५० किलो, म्हणजे किलोमागे ४० मिलीलिटर. कबड्डीवाला वापरतो ३.३ लिटर. भागिले ७५, म्हणजे ४४. त्याच पोराच्या अंगावर आणखी १० किलो चरबी चढली तर हृदय तेच, तरी आकडा ३९ वर येईल. चरबी ऑक्सिजन फारसा खात नाही, नुसती वाहून न्यावी लागते. म्हणून वजन वाढलेल्या मुलाचा आकडा पडला की 'हृदय कमजोर झालं' असं लगेच म्हणू नये.

मुलींचं आणखी वेगळं. वयात येताना अंगावर चरबी वाढते, ती वाढायलाच हवी. तेवढ्यानं किलोमागचा आकडा मुलांपेक्षा खाली जातो. शिडशिडीत मुलीला जिना चढताना धाप लागत असेल तर हिमोग्लोबिन तपासा. रक्तच ऑक्सिजन कमी नेत असेल, तर बारीक असून काय फायदा?

म्हणून चरबीकडं काणाडोळा करा असं नव्हे. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, सारखाच, २२.३, चरबी मात्र याज्ञिकांची २१.२ टक्के, युडकिनांची ९.१. २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये दोघांचा फोटोच छापून आला होता. आपल्याकडचा बारीक माणूस आतून चरबीवाला असू शकतो, तो असा. घरच्या घरी बघायचं तर टेप घ्या: कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी हवी.

दम बघायला वीस मीटरची शटल रन पुरते. वीस मीटरवर दोन रेघा, त्यांच्यात ये-जा पळायचं, मोबाइलवर बीप, ताशी ८.५ किलोमीटरनं सुरुवात, दर मिनिटाला वेग ताशी अर्ध्या किलोमीटरनं वाढतो. बीपच्या आत रेघ गाठता येईना की थांबायचं.

दीड महिन्यानं भाचा न थांबता चार फेऱ्या मारायला लागला. परवा ताईनं त्याला काट्यावर उभं केलं. ५० किलो.

"एवढं पळून उपयोग काय झाला रे मग?"