सकाळी चालते, दुपारी पाय उचलत नाही

"सकाळी तं हिनं दहा भाकरी थापल्या, अन् आता म्हणते पाय उचलत नाई."

आमच्या मायचं हे वाक्य मे महिन्यातल्या एका दुपारचं. यवतमाळ जिल्ह्यातलं आमचं गाव, वीज गेलेली, कूलर बंद. वहिनी खाटेवर बसलेली, डावा पाय काठीसारखा ताठ. वाकवायला गेलं की पाय आणखीच आखडायचा आणि घोटा आपोआप थडथड उडायचा. पाचला वीज आली आणि सहा वाजता वहिनी स्वतःच्या पायानं न्हाणीत गेली. मायचा संशय पक्का झाला.

मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवलं, डॉक्टर नाही. पण त्या दुपारचं कोडं जीवशास्त्राचंच आहे, म्हणून लिहितो.

वहिनीला मल्टिपल स्क्लेरोसिस आहे, थोडक्यात एमएस. पॅरिसच्या जाँ-मार्तँ शार्को यांनी 1868 साली या आजाराचं चित्र नीट मांडलं. मेंदू, मेरुरज्जू आणि डोळ्याची नस यांतल्या चेतातंतूंवर मायलिन नावाचं स्निग्ध वेष्टन असतं. शरीराची स्वतःचीच प्रतिकारयंत्रणा ते कुरतडते आणि जागोजागी चट्टे पडतात. आजार बहुधा विशी ते चाळिशीत सुरू होतो, आणि पुरुषांपेक्षा बायकांमध्ये दुपटीनं किंवा त्याहूनही जास्त दिसतो. चट्टा कुठे पडला त्यावर लक्षण ठरतं. एकाला धूसर दिसतं, एकाचा हात बधिर होतो, एकाला मान वाकवली की पाठीतून झिणझिणी जाते, एकाला लघवी धरवत नाही. दोन रोगी शेजारी बसवले तर आजार एकच आहे यावर कुणाचा विश्वास बसू नये.

आता ती दुपार. गावात समजवायला मला शेतातली मोटर बरी पडते. व्होल्टेज पुरेसं असलं की बटण दाबताच मोटर उचलते. सगळ्या शिवाराच्या मोटरी एकदम सुरू झाल्या की व्होल्टेज पडतं. मोटर नुसती घुं घुं करते, उचलत नाही. ती जळलेली नसते आणि वायरही तुटलेली नसते. निरोगी चेतातंतूत संदेश मायलिनच्या वेढ्यांमधल्या उघड्या फटींवरून उड्या घेत जातो. पुढची फट चेतवायला लागतो त्याच्या कित्येक पट विद्युतप्रवाह त्याच्याजवळ असतो. मायलिन झिजलं की प्रवाह वाटेत गळतो, शिल्लक जेमतेम उरते. त्यात शरीर तापलं की तंतूवरची सोडियमची दारं लवकर मिटतात, संदेश आखूड पडतो आणि उडी अपुरी राहते. त्यासाठी शरीराचं तापमान अर्धा अंश वाढलं तरी पुरतं. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोल्याचा पारा मे महिन्यात 45च्या पुढे जातो, तिथे अर्ध्या अंशाचं काय कौतुक! अंग निवलं की शिल्लक परत येते आणि संदेश पुन्हा पोचतो.

विल्हेल्म ऊटहॉफ या जर्मन नेत्रतज्ज्ञांनी 1890 मध्ये हे टिपलं होतं: श्रम झाले की काही रोग्यांची नजर मंदावते, विसाव्यानं परत येते. पुढे कित्येक दशकं डॉक्टर संशयित रोग्याला गरम पाण्याच्या टबात बसवून लक्षणं उमटतात का ते बघत. एमआरआय आल्यावर तो उद्योग थांबला. आमच्याकडे टबाची गरजच नव्हती म्हणा.

म्हणजे वहिनी सोंग करत नव्हती, आणि तिला नवा झटकाही आला नव्हता. ही दुसरी गोष्ट घरच्यांना जास्त जड जाते. पाय ताठला की नागपूरला पळायचं, सुया टोचून घ्यायच्या, असं आम्ही दोनदा केलं. डॉक्टर ज्याला खरा झटका म्हणतात, त्यात नवं लक्षण, किंवा जुन्याची ठळक वाढ, 24 तासांहून जास्त सलग टिकते, ताप किंवा संसर्ग नसताना. आधीच्या झटक्यापासून निदान 30 दिवस गेलेले असावे लागतात. त्यावर शिरेतून स्टेरॉइड तीन ते पाच दिवस देतात. त्यानं बरं होणं लवकर होतं, पण शेवटी किती बरं होणार ते फारसं बदलत नाही. उलट आत लघवीचा संसर्ग दडलेला असताना स्टेरॉइड दिलं तर तो भडकू शकतो. म्हणून आधी लघवीची तपासणी. ही चाचणी तालुक्याला होते, नागपूरपर्यंत जावं लागत नाही.

पेटक्यांचं गणित वेगळं. आपल्याला वाटतं मेंदू स्नायूंना हुकूम सोडतो. तो सोडतोच, पण त्याचं अर्धं काम आवरून धरण्याचं असतं. गुडघ्याखाली हातोडी मारली की पाय उडतो, ही मेरुरज्जूची स्वतःची खोड. स्नायू ताणला गेला की तो लगेच आखडून उत्तर देतो. मेंदूकडून उतरणारे तंतू या खोडीला कासऱ्यासारखे धरून असतात. कासरा सैल झाला की बैल पाचोळा वाजला तरी उधळतो. वहिनीचा पाय रात्री पांघरुणाच्या स्पर्शानंही उडायचा, तो असा.

या ताठरतेची एक खूण कामाची आहे: ताण जितका झटक्यात, विरोध तितका जोराचा. घाईनं पाय ओढून सरळ करायला गेलात तर तो जिंकणार. हळूहळू सरळ करा, अर्धा-एक मिनिट धरून ठेवा, सोडा. दादा आता रोज सकाळी वहिनीच्या पोटरीचे आणि मांडीचे असे ताण देतो. पहिल्या महिन्यात तो ट्रॅक्टर ओढल्यासारखा ओढायचा.

पूर्व विदर्भातल्या वाचकांना ही आखडलेली चाल नवी नाही. लाखोळीची डाळ दुष्काळात महिनोन्‌महिने मुख्य अन्न म्हणून खाल्ली की पाय असेच लुळे-ताठ होतात. म्हणूनच 1961 साली तिच्या विक्रीवर बंदी आली. तिथे डाळीतलं विष हेच हुकमाचे तंतू मारतं. पण लाखोळीनं ताठलेला पाय सकाळी असतो तसाच दुपारी. एमएसचा पाय दिवसातून चार वेळा मत बदलतो. आणि ताठ पायांमागे बी-12ची कमतरता, मणक्याचा क्षय किंवा एनएमओ नावाचा एमएससारखाच दिसणारा दुसरा आजारही असू शकतो. एनएमओत एमएसची काही औषधं अपायच करतात. निदानाला वेळ लागतो तो यामुळे, डॉक्टरांच्या आळसामुळे नव्हे.

पेटके अचानक वाढले तर आधी शरीरात कुठे काही टोचतंय का ते शोधायचं. भरलेली मूत्रपिशवी, लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठ, पायाचं रुतलेलं नख, खाटेनं पडलेला व्रण, घट्ट नाडी. रोग्याला ते जाणवत नसेलही, पण मेरुरज्जूपर्यंत खबर जाते आणि बैल उधळतो. वहिनीच्या बाबतीत उगम शोधायला आम्हाला वर्ष लागलं. संडास अंगणापलीकडे, लघवी धरवत नाही, म्हणून तिनं पाणीच कमी केलं होतं. भर उन्हाळ्यात दिवसाला दोन तांबे. त्यातून संसर्ग, संसर्गातून पेटके. खाटेजवळ भांडं ठेवलं, पाणी वाढवलं. यात औषधशास्त्र काही नाही.

एक चूक आमच्याच घरात झाली. शेजारच्या आजीनं पोटरीला बिब्बा घातला. पाय बधिर, त्यामुळे पोळल्याचं वहिनीला कळलंच नाही. फोड आले, फोडांनी पेटके वाढले. गरम विटेचा शेकही तसाच धोक्याचा.

गोळ्यांमध्ये बॅक्लोफेन जुनी. 1960च्या दशकात ती फेफऱ्यासाठी तयार केली होती, तिथे जमली नाही, ताठरतेवर उपयोगी पडली. मेरुरज्जूतल्या आवर घालणाऱ्या रसायनाची ती नक्कल करते, म्हणजे सैल कासरा थोडा ओढते. पण मात्रा जास्त झाली की झोप येते, आणि पाय इतका सैल पडतो की उभंच राहवत नाही. वहिनी त्या ताठ पायाच्याच आधारावर उभी राहत होती, हे गोळी वाढवल्यावर कळलं. मात्रा पुन्हा कमी करावी लागली. ही गोळी एकाएकी बंद केली तर भास होऊ शकतात, फेफऱ्यासारखे झटके येऊ शकतात. दुकान तालुक्याला असेल तर दहा-पंधरा दिवसांचा साठा घरात हवाच. टिझॅनिडिन ही दुसरी गोळी चालू असेल तर लघवीच्या संसर्गासाठी सिप्रोफ्लॉक्सासिन घेऊ नये. रक्तदाब धोकादायक पातळीवर उतरतो. गावातल्या डॉक्टरांना आपली गोळी कोणती ते आधी सांगावं, कारण सिप्रो आपल्याकडे फार सहज लिहिली जाते.

उन्हाचं म्हणाल तर विदर्भाची कोरडी हवा इथे कामी येते. ओला दुपट्टा मानेवर आणि डोक्यावर, त्यावर पंख्याचा वारा. पाणी उडतं आणि अंग निवतं. वीज नसेल तर हातपंखा. पावसाळ्यात हवा दमट झाली की ही युक्ती लंगडी पडते, कूलरही. चुलीसमोरचं काम सकाळी आठच्या आत. दहा भाकऱ्यांचं रहस्य तेच होतं. मायला मी मोटरीची गोष्ट सांगितली तेव्हा ती म्हणाली, "मंग आधी काऊन नाई सांगतलं?"

2016च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत एमएस आहे. प्रमाणपत्राच्या तपासणीला वहिनी थंडीतल्या सकाळी गेली, आणि ती बरी चालली. दुपारी यायला हवं होतं.

आता ती एक वही ठेवते. तारीख, वीज, ऊन, पाणी किती, लघवी, पाय. परवाची नोंद तिच्या परवानगीनं देतो: "वीज 1 ते 4 नव्हती. पाय ताठ, घोटा उडला. दुपट्टा भिजवला. 6 वाजता ठीक. जळजळ नाही, ताप नाही. भाऊजींना फोन केला नाही."