किडनीची गाठ शिरेत शिरली, पण पोचली कुठवर?

लघवी लाल झाली की मराठवाड्यात पहिला संशय मुतखड्यावर, नाहीतर उन्हाळी लागली म्हणून सब्जा भिजत पडतो. बहुतेकदा तेच असतं. पण रक्त जाताना काहीच दुखत नसेल तर सोनोग्राफी चुकवू नये. किडनीचा कॅन्सर असाच, न दुखता रक्त दाखवतो.

या कॅन्सरला एक खोड आहे, तो शिरेची वाट धरतो. किडनीची शीर पोटातल्या महाशिरेला मिळते आणि महाशीर थेट हृदयाला. ओढ्यात रुजलेला वेल नदीत लोंबत जावा, तशी गाठीची शेपटी प्रवाहाबरोबर वर सरकते. शंभरातल्या चार ते दहा रुग्णांत हे आढळतं. उजव्या किडनीची शीर जेमतेम ३-४ सेंमी, डावी जवळपास दुप्पट. म्हणून उजवीकडची गाठ महाशिरेत लवकर पोचते. डावीकडे शीर तुंबली, तर डाव्या अंडकोशाच्या शिरा एकाएकी फुगतात आणि आडवं पडूनही ओसरत नाहीत.

रिपोर्टात कॅन्सरचा टप्पा सांगणारे कोड असतात: टी३ए म्हणजे शेपटी किडनीच्या शिरेत (किंवा गाठ भोवतीच्या चरबीत), टी३बी म्हणजे महाशिरेत पण श्वासपटलाखाली (छाती आणि पोटामधल्या पडद्याखाली), टी३सी म्हणजे त्याच्याही वर, किंवा महाशिरेच्या भिंतीतच घुसलेली. हा शेवटचा भाग नीट वाचा. शेपटी किती उंच गेली यावर मुख्यतः ऑपरेशन किती मोठं हे ठरतं. आयुष्याचा हिशोब जास्त बदलतो तो भिंत पोखरली का, लसिकाग्रंथी धरल्या का, फुप्फुसात-हाडांत पसरलं का, यावर. महाशिरेत गेलेली गाठ तशीच ठेवली तर निम्मे रुग्ण साधारण पाच महिन्यांत दगावतात. पसरलेली नसताना पूर्ण काढली तर वेगवेगळ्या नोंदींत ४० ते ६५ टक्के रुग्ण पाच वर्षांनंतरही हयात दिसतात. ‘शिरेत गेलं, आता काय उरलं’ म्हणून पेशंटला घरी नेणं म्हणूनच चूक.

ऑपरेशनमध्ये सर्जन आधी किडनीची धमनी बांधतात. मग महाशीर खालून-वरून आणि दुसऱ्या किडनीची शीर चिमट्यांनी रोखून महाशिरेला उभा छेद देतात, शेपटी अख्खी ओढून काढतात आणि छेद शिवतात. तोवर किडनी फार हलवायची नाही. तुकडा सुटला तर फुप्फुसात जाऊन अडकतो, टेबलावरच जीव जाऊ शकतो. शेपटी हृदयाच्या कप्प्यात असेल तर हार्ट सर्जन आणि बायपास मशीनही लागतं.

रक्त पातळ करायच्या गोळ्यांनी ही शेपटी विरघळत नाही. तिच्याखाली साचलेली रक्ताची साधी गुठळी वेगळी. स्कॅनच्या वेळी कॉन्ट्रास्ट (शिरेतून सोडायचं औषध) दिल्यावर कॅन्सरची शेपटी उजळते, साधी गुठळी काळीच राहते.

नांदेड-लातूरहून संभाजीनगर किंवा मुंबई गाठताना नुसता रिपोर्ट नको, सीटी-एमआरआयची सीडी पिशवीत हवी. आणि तारीख बघा. शेपटी आठवड्यांत वाढते. स्कॅन महिन्याहून जुना झाला असेल तर ऑपरेशनआधी तो पुन्हा करावाच लागतो.