वाफराष्ट्र

तंत्रज्ञान कोळसा आणि वाफेच्या पुढे गेलेच नाही, असे धरून रचलेले कल्पित राष्ट्र. विज्ञानकथेच्या ‘स्टीमपंक’ शाखेतला हा लाडका प्रकार. शाखेचे नाव १९८७ सालचे. एका अमेरिकी लेखकाने नियतकालिकाला लिहिलेल्या पत्रात ते अर्धवट थट्टेने सुचवले आणि रुळले. नकाशा, झेंडा, नाणी, जाहीरनामा असे सगळे वाफराष्ट्राकडे असते, जमीन तेवढी नसते. १९३३च्या माँटेव्हिडिओ कराराने राष्ट्राला कायम लोकवस्ती, निश्चित भूभाग, शासन आणि इतर राष्ट्रांशी संबंध ठेवण्याची क्षमता अशा चार अटी घातल्या. वाफराष्ट्रात यांतले फार तर शासन सापडते, तेही हौशी.

स्थापनेची कथा नेहमी एका सांध्यावर उभी असते. रेल्वेचा सांधा बदलला की गाडी दुसऱ्या रुळावर जाते. तसा इतिहासातला एक क्षण निवडायचा आणि पुढचे सगळे वेगळे घडू द्यायचे. परदेशी वाफराष्ट्रांचा सांधा बहुधा व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या लंडनात असतो. मराठवाड्यात तो शोधायचा तर सामग्री कमी नाही. औरंगाबादला १८८९ साली कापडगिरणी उभी राहिली. १९००च्या सुमारास मनमाडहून सिकंदराबादकडे मीटरगेज लोहमार्ग गेला आणि त्याच्या मागोमाग कापसातली सरकी काढणारे जिनिंग कारखाने आले. १९११मध्ये बार्शी लाइट रेल्वे लातूरला पोचली. तिच्या दोन रुळांतले अंतर अवघे ७६२ मिलिमीटर. कोळशाचीही ददात नव्हती, मराठवाडा ज्या निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता त्याच संस्थानात सिंगरेणीच्या कोळसाखाणी होत्या.

अडते ते पाण्यावर. वाफ म्हणजे पाणीच, हे परदेशी लेखकांना फारसे आठवावे लागत नाही. त्यांच्याकडे पाऊस पडतच असतो. लिटरभर पाण्याची साध्या दाबाला सोळाशे-सतराशे लिटर वाफ होते खरी, पण रेल्वेचे इंजिन ती परत गोळा करत नाही. दर धापेला ती धुराड्यातून निघून जाते. त्यात विहिरीचे पाणी जड असले तर बॉयलरच्या नळ्यांत क्षाराचे थर बसतात, ते खरवडत बसा. त्यामुळे मराठवाड्यातल्या वाफराष्ट्राचा मूळपुरुष इंजिनवाला न धरता पाटकरी, म्हणजे पाटाचे पाणी वाटणारा, धरावा, असे प्रस्तुत नोंदकाराचे मत आहे.

त्याला आधारही आहे. मलिक अंबरने १६१० साली खडकी वसवली, पुढे तिचेच औरंगाबाद झाले. या शहराला त्याने नहर, म्हणजे जमिनीखालचे कालवे, खोदून पाणी दिले. त्याच परंपरेतली पाणचक्की खाम नदीकाठी बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याजवळ आजही पाहता येते. डोंगराकडच्या झऱ्यांचे पाणी जमिनीखालच्या खापरी नळांतून येते, उंच भिंतीवर चढते आणि तिथून कोसळते. खाली आडवे बसवलेले पात्यांचे चाक त्या माऱ्याने फिरते आणि त्याच्याच आसावर वरचे जाते गरगरते. या जात्यावर दर्ग्यातल्या फकीर-यात्रेकरूंसाठी धान्य दळले जाई. ना कोळसा, ना धूर. वाफराष्ट्र हे वाफेच्या आधीच इथे येऊन गेले होते, असे म्हणायलाही हरकत नाही.

उलट टोक २०१६चे. त्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीला दहा टाक्या होत्या, पाणी पाच लाख लिटर. मिरज-कुर्डुवाडी-लातूर हा मार्ग मुळात बार्शी लाइटचाच. ज्या वाटेवर इंजिने पाणी पीत धावली, त्याच वाटेने पुढे पाणीच डब्यात बसून आले. कल्पित राष्ट्राच्या बखरीत असा प्रसंग कुणी घातला असता तर वाचकाने ‘अती झाले’ म्हटले असते.

संस्कृतीचा विचार करताना परदेशी नमुना उचलायची गरज पडत नाही. उंच टोपी आणि आवळ चोळ्यांच्या जागी औरंगाबादी हिमरू कापडाची शेरवानी, रुमी टोपी आणि पटका. धुळीचे चष्मे मात्र ठेवावेत, उन्हाळ्यात ते शोभेपुरते राहणार नाहीत. कालगणनेला संस्थानातला फसली सन, म्हणजे महसुली वर्ष, आहे. चलनाची गोष्ट तर तयारच मिळते. संस्थानाचा स्वतःचा हाली सिक्का होता आणि इंग्रजी रुपयाला लोक कलदार म्हणत, म्हणजे कळीवर, यंत्रावर पाडलेला. पुढे हाली सिक्काही यंत्रावर पडू लागला, पण नाव चिकटले ते इंग्रजी रुपयालाच. मराठीत ‘कळ’ म्हणजे यंत्र, दाबायचा खटका, पोटातले दुखणे आणि नारद लावतो ती. वाफराष्ट्राच्या राजभाषेचा कोश इथूनच सुरू करता येईल.